हनुवटीवरचं काळं आणि ताईंच्या डोळ्यांखालचं काळं

प्रश्न : माझं वय ३४, साताऱ्यात बँकेत नोकरी, रोज स्कूटीवर येणं-जाणं. पीसीओडीमुळे (अंडाशयाशी निगडित हार्मोनचा त्रास) हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला राठ केस येतात. दिवाळीनंतर पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये लेझरचं पॅकेज घेतलं. दुसऱ्या सिटिंगला फार पोळलं, रात्रभर आग होत होती. आठ-दहा दिवसांनी तिथे तपकिरी ठिपके उमटले. आता सात आठवडे झाले, ठिपक्यांचा पट्टा झालाय. क्लिनिकवाले म्हणतात, तुमची स्किनच सेन्सिटिव्ह आहे; सवलतीत 'कार्बन पील' करून देतो. पार्लरवाल्या काकूंनी एक ट्यूब दिली, ती तीन आठवडे लावतेय. सुरुवातीला खूप फरक वाटला, आता नाही. ठाण्याच्या माझ्या थोरल्या बहिणीने (वय ४७) त्याच सुमारास डोळ्यांखाली फिलर (खोलगटपणा भरायला टोचतात ते जेल) घेतलं. तिला मोठे काळे-निळे डाग आले. ते गेले, पण काळसर छटा राहिलीच आहे. तिची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, गोळ्या चालू आहेत. आई दोघींना लिंबू-हळद लावा म्हणते. एप्रिलअखेर भावाचं लग्न आहे. हे डाग जातील का? – क. सा., सातारा

उत्तर : तुमचा बहुतेक जाईल. एप्रिलअखेर तो बराच फिका झालेला असेल असं मला वाटतं. पूर्ण गेला तर मात्र नशीब जोरावर म्हणायचं. ताईंचं मी पत्रावरून छातीठोक सांगू शकत नाही. त्यांचं काळं आणि तुमचं काळं मुळात वेगळं आहे, आणि त्यांच्या बाबतीत तीन शक्यता आहेत. आईंचं लिंबू मात्र दोघींनीही आजपासून बंद करायचं. त्या आम्लाने त्वचा चुरचुरते, आणि सध्या तुमच्या हनुवटीला चुरचुरणं अजिबात परवडणारं नाही. त्यातून लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे नवे डाग उठतात, ते वेगळेच.

आणि कार्बन पीलला नाही म्हणा. नावात पील असलं तरी तो लेझरच असतो. चेहऱ्यावर कार्बनचा काळा लेप लावतात आणि त्यावर लेझरचे झटके देतात. लेझरने झालेल्या इजेवर सात आठवड्यांत दुसरा लेझर, तोही त्याच हातांनी आणि सवलतीत! मी असते तर फोनच उचलला नसता.

आता झालं काय ते सांगते, म्हणजे पुढचं का ते कळेल. केस काढणाऱ्या लेझरचा प्रकाश मेलॅनिन शोधतो, म्हणजे केसाला काळा रंग देणारं रंगद्रव्य. केसाच्या मुळातलं मेलॅनिन तापलं की मूळ मरतं. गोची अशी की तेच मेलॅनिन आपल्या त्वचेतही आहे आणि प्रकाशाला दोन्हींतला फरक कळत नाही. त्वचेच्या रंगाचे फिट्झपॅट्रिक पद्धतीने सहा प्रकार मानतात; आपल्याकडची बहुतेक माणसं चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. अशा त्वचेवर यंत्राची तरंगलांबी, ताकद आणि थंडावा हे तिन्ही जपून ठरवावं लागतं. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर खोलवर जातो आणि वरच्या थरातल्या रंगाला त्यातल्या त्यात कमी डिवचतो, म्हणून सावळ्या त्वचेला तो सर्वांत सुरक्षित मानतात. ८०८-८१० चा डायोडही नीट वापरला तर चालतो. ७५५ चा अलेक्झांड्राइट आपल्यासाठी जोखमीचा. आणि अनेक ठिकाणी 'लेझर' म्हणून जे मारतात ते आयपीएल असतं. तो लेझर नव्हेच, तो अनेक तरंगलांबींचा मिसळलेला झगझगीत प्रकाश, आणि सावळ्या त्वचेवर भाजण्याच्या तक्रारी त्यात जास्त. तुमच्यावर कोणतं यंत्र वापरलं हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ते विचारून घ्या.

त्वचा भाजली, सुजली, लाल झाली की रंगपेशी खवळतात आणि जास्तीचं मेलॅनिन तयार करतात. आपल्या आणि गोऱ्या युरोपीय माणसाच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. आपल्या पेशी रंग जास्त बनवतात आणि तो जास्त पसरवतात, एवढाच फरक. त्यामुळे तेवढ्याच जखमेवर त्यांची त्वचा लाल होऊन थांबते आणि आपली काळी पडते. हा रंग इजेनंतर लगेच नाही, काही दिवसांनी ते काही आठवड्यांनी वर येतो. तुमचे ठिपके आठ-दहा दिवसांनी दिसले ते यामुळेच. म्हणून सावळ्या माणसाला लेझर करण्याआधी कानामागे किंवा जबड्याखाली छोट्या जागी चाचणी करून थोडं थांबायचं असतं. पहिली सिटिंग बरी गेली म्हणून दुसरीला ताकद वाढवणं हा नेहमीचा घोटाळा. 'तुमची स्किनच सेन्सिटिव्ह' हे काही उत्तर झालं नाही. अशी त्वचा घेऊनच राज्यातले निम्म्याहून जास्त लोक हिंडतात. यंत्र चालवणाऱ्याने ती आधी बघायची असते. दिवाळीनंतरच्या सुट्टीत कुठे समुद्रावर जाऊन आला होतात का? उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर लेझर करायचाच नसतो.

रंग कुठे साचलाय यावर पुढचं सगळं अवलंबून. वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो, आणि तो थर झडून नवा येत राहतो, त्यामुळे काही महिन्यांत डाग उतरतो. भाजण्याने मधली सीमाच मोडली असेल तर रंग खालच्या थरात सांडतो. तिथल्या पेशी तो गिळून बसून राहतात, डाग राखाडी-निळसर दिसतो आणि वर्ष-वर्ष हटत नाही. तुम्ही तपकिरी लिहिलंय, ही चांगली खूण. त्वचारोगतज्ज्ञ वूड्स लॅम्पच्या जांभळट उजेडात किंवा डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचेच्या खास भिंगाने, बघून याचा अंदाज देतील.

आता ती ट्यूब. मला काळजी तिचीच जास्त वाटते. सुरुवातीला खूप फरक पडला म्हणता, म्हणजे त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. घटकांची बारीक अक्षरं वाचा: मोमेटासोन, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसतं का? बरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असेल तर ती तिहेरी मलम. ती औषध म्हणून वाईट नाही, आम्हीही लिहून देतो, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि रुग्णाला मध्ये मध्ये बोलावून. पार्लरच्या कपाटातून मिळणाऱ्या ट्यूबला थांबायची तारीख नसते. २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली, ती उगाच नाही. महिनोन्‌महिने लावलेल्या स्टेरॉइडने चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, बारीक पुळ्या येतात, आणि (तुम्ही हे खास लक्षात घ्या) चेहऱ्यावर केस वाढतात. ज्या केसांपायी हे सगळं सुरू झालं तेच!

तीन आठवड्यांत एवढं बिघडलेलं नसेल. तरी याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ गाठा आणि ट्यूब बरोबर न्या. ती तशीच थांबवायची की कमी करत आणायची हे ते ठरवतील. एकदम बंद केल्यावर कधी कधी चेहरा लालबुंद होऊन आग होते, आणि मग माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडतो. ट्यूबवर घटकच लिहिलेले नसतील, किंवा साध्या डबीत भरून दिलेलं असेल, तर मात्र विचारायला न थांबता बंद करा. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये गोरेपणाच्या अशा बेनामी क्रीममधल्या पाऱ्याने लोकांच्या किडन्यांना त्रास झाल्याचं उघडकीला आलं होतं.

मग लावायचं काय? पहिलं औषध सनस्क्रीन. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो, कारण त्यांना 'खरं' औषध हवं असतं. पण ऊन चालू असताना कुठलंही डाग घालवणारं औषध लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. एसपीएफ ३० किंवा ५०, दोन बोटांच्या लांबीएवढं चेहऱ्याला आणि मानेला, दर दोन-तीन तासांनी पुन्हा. बँकेत काउंटर खिडकीशी असेल तर आतही, कारण साधी काच उन्हातले यूव्हीए किरण पुरते अडवत नाही. सावळ्या त्वचेवर नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही डाग गडद होतात, आणि ते साध्या पांढऱ्या सनस्क्रीनने अडत नाही. म्हणून त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन घ्या. डागही थोडा झाकला जाईल.

स्कूटीवर स्कार्फ बांधत असाल तर सैल, सुती आणि रोज धुतलेला. आवळून बांधलेला स्कार्फ आणि हेल्मेटचा पट्टा नेमके जबड्याच्या कडेला घासतात, आणि रोजच्या घासण्यानेही त्वचा काळी पडते. पट्ट्याखाली मऊ कापडाची घडी ठेवा. हेल्मेट काढायचं नाही, हे सांगायला नको.

सनस्क्रीनच्या जोडीला अझेलाइक अ‍ॅसिड किंवा नायसिनामाइड यांच्यापासून सुरुवात करतात; दोन्ही सौम्य आहेत, दोन्हींना वेळ लागतो. हायड्रोक्विनोन लागलं तर ते डॉक्टर ठरावीक महिन्यांसाठी देतील. तेही वर्षानुवर्षं लावलं तर त्वचेत निळसर-काळे कण साठतात आणि ते जवळपास जातच नाहीत. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या, डाग फिके करायला देतात त्या गोळ्यांबद्दल तुम्ही ऐकलं असेल, हल्ली सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पीसीओडीसाठी तुम्ही हार्मोनच्या, म्हणजे गर्भनिरोधक प्रकारच्या गोळ्या घेत असाल तर हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. त्या दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते. शिवाय त्या हार्मोनच्या गोळ्यांनी स्वतःच चेहऱ्यावर वांग येऊ शकतो.

केसांचं तोवर काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो मनात असणारच. चेहऱ्यासाठीचं छोटं रेझर वापरा, नाहीतर कात्रीने कापा. रेझरने केस जाड होतात ही अफवा आहे. थ्रेडिंग, वॅक्स आणि ब्लीच डागाच्या जागी नको; प्रत्येकाने थोडी थोडी आग होते आणि ती थोडी थोडी आगच इथे नडते. लेझर पुढे कधी करायचाच झाला तर डाग पूर्ण शमल्यावर, चाचणी करून, आणि आधी हार्मोनची तपासणी करून. हार्मोनचा त्रास आटोक्यात नसेल तर जबड्यावर लेझरनंतर उलट केस वाढलेले दिसतात, ते आमच्या दवाखान्यात नवीन नाही.

आता ताई.

त्यांचा पहिला प्रश्न डागाचा नव्हता, गोळ्यांचा होता. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला अ‍ॅस्पिरिन बहुतेक वेळा जन्मभर, आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी निदान काही काळ असते. या गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट्सना चिकटू देत नाहीत. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, उघडी राहते ती त्यामुळे. अशा माणसाच्या डोळ्यांखाली, जिथे कातडी सर्वांत पातळ आणि बारीक शिरांचं जाळं दाट, तिथे सुई टोचली की रक्त पसरणारच. क्लिनिकने गोळ्या विचारल्या का? विचारल्या नसतील तर ती त्यांची चूक. पण त्याहून मोठी चूक पुढे होऊ शकते: 'टच-अप'च्या वेळी कुणीतरी ताईंना म्हणेल, आठ दिवस गोळी बंद ठेवा. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही नाही. डोळ्यांखालचा डाग जातो; स्टेंट बंद पडला तर जीवावर बेतेल.

ज्यांना अशी गोळी सक्तीची नाही त्यांनी सुईच्या प्रक्रियेआधी डॉक्टरांना विचारून, सहसा आठवडा-दहा दिवस आधीपासून, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल, जिन्को यांच्यापासून दूर राहावं, आणि अंगदुखीला आयब्युप्रोफेनऐवजी पॅरासिटामॉल घ्यावं. पूरक गोळ्या 'औषध नव्हे' म्हणून कुणी डॉक्टरांना सांगतच नाही. वरणाच्या फोडणीतल्या लसणाची काळजी करू नका.

रक्त सांडल्यावरचा डाग कसा जातो ते ताईंनी पाहिलंच असेल: आधी जांभळा, मग हिरवट, मग पिवळा, साधारण दोन आठवड्यांत संपला. पण रक्तातलं लोह सगळं उचललं गेलं नाही तर त्याचे कण तिथेच राहतात आणि त्वचा तपकिरी-गंजट दिसते. ही पहिली शक्यता. हा रंग मेलॅनिनचा नाही. हायड्रोक्विनोन, लिंबू, उजळवणारी सगळी क्रीमं इथे निष्फळ. काही महिने जाऊ देणं हाच बहुतेक वेळा उपाय.

दुसरी शक्यता फिलरचीच. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल फार वरच्या थरात गेलं तर त्यातून प्रकाश विखुरतो आणि तिथे निळसर-राखाडी, किंचित फुगीर पट्टा दिसतो. ओळखायची खूण म्हणजे त्याचा रंग बदलत नाही. जांभळ्याचा हिरवा होत नाही, आठवड्यागणिक फिका होत नाही, आहे तसा राहतो. तो थांबून जात नाही, पण हायलुरॉनिडेज नावाच्या विकराचं इंजेक्शन देऊन ते जेल विरघळवता येतं. फक्त फिलर हायलुरॉनिक अ‍ॅसिडचंच असलं पाहिजे. म्हणून ताईंनी क्लिनिककडून फिलरच्या खोक्यावरचं स्टिकर मागावं. नाव आणि बॅच क्रमांक त्यावर असतो, आणि नीट चालणाऱ्या ठिकाणी ते केस पेपरवर चिकटवलेलं असतं.

तिसरी शक्यता सगळ्यांत साधी: ते काळं आधीपासूनच होतं, आणि आता रोज आरशात पाहिल्याने दिसतंय. वर्षभरापूर्वीच्या एखाद्या कार्यातले फोटो काढून शेजारी धरा. खोटं वाटेल, पण अर्धे वाद तिथेच मिटतात.

ताईंनी ती जागा चोळू नये. सुरुवातीच्या दिवसात बर्फाचा थंड शेक, एक-दोन दिवसांनी कोमट, एवढ्याचा उपयोग असतो. आता ते दिवस गेले.

एक गोष्ट ताईंच्या बाबतीत सुदैवाने टळली, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. फिलरनंतरचं सगळंच काळं-निळं निरुपद्रवी नसतं. फिलर शिरेत गेलं किंवा शीर दाबली गेली तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. तेव्हा त्वचा आधी पांढरी पडते, मग जाळीजाळीची जांभळट दिसते, थंड लागते, आणि दुखणं टोचण्याच्या मानाने फार जास्त असतं. नजर अंधूक झाली, डोळा दुखायला लागला, तर त्याहून गंभीर. अशा वेळी 'उद्या बघू' म्हणायचं नाही, क्लिनिक बंद असेल तर मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. फिलर विरघळवायचं औषध पहिल्या काही तासांत मिळालं तर कातडी वाचते. म्हणून फिलर घ्यायच्या आधी विचारायचा प्रश्न: हायलुरॉनिडेज तुमच्या फ्रिजमध्ये आत्ता आहे का? यावर गडबडणाऱ्या माणसाकडून सुई टोचून घेऊ नये.

डॉक्टर शोधताना पाटीवरचा 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' शब्द बाजूला ठेवा आणि पदवी वाचा: त्वचारोगातली एमडी, डीएनबी, किंवा डीडीव्हीएल. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहता येते. पुण्याला येणारच असाल तर ससूनची त्वचारोग ओपीडी आहे. रांग लागते, पण तिथे पॅकेज कुणी विकत नाही. जुन्या क्लिनिककडे लेखी अर्ज करून यंत्राचं नाव, तरंगलांबी, वापरलेली ताकद आणि तुमची सही असलेला संमतीपत्राचा कागद मागा. उरलेल्या सिटिंगचे पैसे परत हवे असतील, किंवा प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगाकडे न्यायचं ठरलं, तर हेच कागद लागतील. दर आठवड्याला एकाच खिडकीत, एकाच वेळी डागाचा फोटो काढत चला. डॉक्टरांना आणि आयोगाला दोघांनाही तारखेचे फोटो आवडतात.

लग्नाबद्दल. हळदीला वराची बहीण म्हणून तुम्हालाही माखतील. हात, पाय, कपाळ यांना लावू द्या, जबडा सोडा, आणि कार्यक्रम गच्चीवर दुपारी असेल तर मंडपाच्या सावलीत बसा. लग्नाआधीच्या महिन्यात नवं फेशियल, नवं क्रीम, 'ब्रायडल ग्लो'चं सलाईन यांपैकी काहीही सुरू करू नका. मेकअप करणाऱ्या मुलीला दोन आठवडे आधी डाग दाखवा. तपकिरी-निळसर डागावर आधी केशरी-पीच छटेचा करेक्टर आणि मग तुमच्या खऱ्या रंगाचा कन्सीलर लावला की तो झाकतो. दोन शेड उजळ फाउंडेशन लावलं तर तोच डाग राखाडी होऊन फोटोत उठून दिसतो. तिची सामग्री जबड्याखाली एकदा लावून दोन दिवस बघा. रात्री ते सगळं मायसेलर वॉटरने, न घासता काढा, मग मॉइश्चरायझर लावून झोपा.